वाइन पुन्हा ग्लासात द्या: ताडोबाच्या वाटेवरच्या स्टेकहाउसच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
मालक आणि व्यवस्थापक,
ताडोबाच्या रस्त्यावरचं आपलं स्टेक आणि ग्रिल हाउस,
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर

स.न.वि.वि.

या हंगामापासून तुमच्याकडे ग्लासने वाइन मिळणं बंद झालं. नाशिकच्या आणि अकलूजच्या सगळ्या वाइन कार्डावरून गेल्या. त्यांच्या जागी परदेशी लाल वाइनची लांबलचक यादी आली आणि तीही पूर्ण बाटली घ्याल तरच. किती बाटल्या गेल्या याचा हिशोब वेटरना रोज रात्री द्यावा लागतो. ज्याच्या टेबलावर कमी गेल्या, त्याला दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी बसतात. हे सगळं मी तुमच्या व्यवस्थापकांना आधी तोंडी सांगितलं, मग लिहूनही दिलं. "पाहुण्यांची काही तक्रार नाही," एवढंच उत्तर मिळालं. पाहुणा दोन रात्री राहून निघून जातो, तो कशाला तक्रार करील? आम्ही इथेच राहतो. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. तुमच्या मेनूत बेरारी बोकडाची भाजलेली रान, म्हणजे अख्खी तंगडी, आहे. तिच्यासाठी येणारे बरेचसे बोकड आमच्या बचत गटाच्या बायकांनी वाढवलेले असतात. बेरारी ही आपल्या विदर्भाची स्वतःची शेळीची जात. तिचं नाव तुम्ही मेनूवर छापलंत, याचं आम्हां बायकांना अप्रूप आहे. तुमचा खाटीक पैसे वेळेवर देतो, तेही इथे नमूद करते. माझा भाचा तुमच्याकडे वेटर आहे. गावातली आणखीही पोरं-पोरी तुमच्याकडे आहेत. आणि मी स्वतः बरीच वर्षं दिंडोरीकडच्या एका वायनरीत कामाला होते. सुरुवात द्राक्षं निवडायच्या पट्ट्यावर केली, मग सेलरमध्ये, म्हणजे वाइन मुरवायच्या-साठवायच्या जागेत, टाक्या धुण्यापासून नमुने काढण्यापर्यंतची कामं केली आणि शेवटी टेस्टिंग रूममध्ये पाहुण्यांना वाइन ओतून देत, समजावून सांगत उभी राहिले. आईचं दुखणं निघालं तेव्हा गावी परतले. तुमच्या स्वयंपाकघरात जे जातं तेही मला माहीत आहे आणि तुमच्या काचेच्या कपाटात जे उभं आहे तेही. दोन्हीची कदर आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

तुमच्या स्वयंपाकाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. भिवापुरी मिरची तुम्ही भिवापूरहूनच आणता. तांदूळ एचएमटी वापरता आणि त्याच्याखाली दादाजी खोब्रागडे यांचं नाव देता. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या त्या शेतकऱ्याने आपल्या तुकड्यात निवड करत करत हे वाण काढलं, हे मुंबईहून आलेल्या माणसाला तुमच्या मेनूवरून कळतं. भाजलेलं मांस कापण्याआधी थोडा वेळ तसंच राहू द्यायचं, एवढी शिस्त तुमच्या शेगडीवरच्या माणसांना आहे. तांदळाच्या दाण्यापर्यंत इतकी काळजी घेणाऱ्या जागेत वाइनच्या बाबतीत एवढी हेळसांड का?

सगळ्यात आधी पूर्ण बाटलीच्या सक्तीबद्दल, कारण मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट तीच आहे.

हा चंद्रपूर जिल्हा आहे. 1 एप्रिल 2015 ला इथे दारूबंदी लागू झाली. ती वरून आपोआप आलेली नव्हती. 2010 च्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी चिमूरहून नागपूरपर्यंत बायका थंडीत चालत गेल्या होत्या. ज्यांच्या घरात दारूने काय केलं ते गावाला ठाऊक होतं, अशा बायका. बंदीच्या काळात चोरटी दारूही आली, विषारीही आली, आणि 27 मे 2021 ला मंत्रिमंडळाने बंदी उठवायचा निर्णय घेतला. त्या निर्णयावर आजही गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंची माणसं मला आपली वाटतात. शेजारच्या वर्ध्यात आणि गडचिरोलीत बंदी अजून आहे. तुमचं परमिट त्या 2021 च्या निर्णयामुळे आहे. अशा मुलखात जेवणाबरोबर वाइन द्यायची तर ती मापात, जेवणाच्या ओघात आणि पाहुण्याला हवी तेवढीच द्यायला हवी. एवढी अट आम्ही मनातल्या मनात तुमच्यावर घातली होती आणि पहिल्या वर्षी तुम्ही ती पाळलीत.

आता हिशोब बघा. बाटली 750 मिलिलिटरची. 150 चा एक ग्लास धरला तर पाच ग्लास. तुमच्या यादीतल्या बऱ्याच लाल वाइन साडेतेरा टक्क्यांच्या पुढच्या आहेत, म्हणजे एका बाटलीत साधारण 80 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नवरा-बायको जेवायला बसतात. तिला अर्धा ग्लास हवा असतो, त्याला एक. मिळते अख्खी बाटली. एवढे पैसे मोजल्यावर ती टाकून कोण उठेल? पहाटे साडेचारला त्यांना सफारीसाठी उठायचं असतं. काही जण तर त्याच रात्री स्वतः गाडी चालवत चंद्रपूरला किंवा नागपूरला निघतात. त्या रस्त्यावर रात्री रानडुकरं, चितळं आणि आमची जनावरं आडवी येतात. एक ग्लास मागणाऱ्याला पाच ग्लास घ्यायला लावणं मला मान्य नाही. दारूबंदीच्या बाजूने चाललेल्या बायकांना मान्य नसेल, तसंच वाइनवर मनापासून प्रेम करणाऱ्या मलाही नाही.

ग्लास का बंद झाला, तेही मला माहीत आहे. उघडलेल्या बाटल्या खराब व्हायच्या. पाहुणे परत पाठवायचे, नुकसान व्हायचं. पण त्या खराब का व्हायच्या, हे कुणी तपासलं नाही. उघडी बाटली शेगडीच्या खिडकीशेजारच्या फळीवर, बूच वरवर बसवून उभी असायची. तिथे हात लावला तर फळी गरम लागते. उघडलेली लाल वाइन घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस चांगली राहते. पांढरीही तेवढीच, कधी एखादा दिवस जास्त. फेसाळ वाइन दुसऱ्या दिवशी संपवलेली बरी. हवा ओढून घेणारं रबरी बूच फार महागाचं नसतं. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहायला तर काहीच लागत नाही. हे न करता तुम्ही ग्लासच काढून टाकला आणि नुकसानीचा भार पाहुण्याच्या अंगावर ढकलला.

साठवणीचं दुखणं मात्र फळीपुरतं नाही. जेवणाच्या दालनात दारासमोर ते काचेचं उंच कपाट आहे, आतून पिवळे दिवे लावलेलं. फोटोत फार छान दिसतं. पण वाइन 12 ते 15 अंशांत, अंधारात, हलवाहलव न करता ठेवायची असते. बूचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आत हवा जात नाही. तुमच्याकडे बाटल्या उभ्या, दिवे चोवीस तास सुरू आणि एसी फक्त दोन जेवणांच्या वेळेपुरता. चंद्रपूरचा मे म्हणजे पारा 46-47 च्या घरात. दुपारी पाहुणे खोल्यांमध्ये, दालन बंद, त्यात वीज गेली की जनरेटर फक्त खोल्यांना आणि डीप फ्रीझरला. त्या कपाटात दुपारी किती तापत असेल? एवढ्या उष्णतेत वाइन फुगते, बूच वर सरकतं आणि कडेने थेंब पाझरून लेबलावर डाग पडतात. तुमच्या कपाटातल्या मधल्या रांगेत असे डाग मी पाहिले आहेत. त्या वाइनला ताज्या फळाचा वास उरत नाही, शिजवलेल्या मुरंब्यासारखा येतो. पाहुण्याला वाटतं, ही महाग वाइन अशीच लागत असेल. त्याला खरं सांगणारं कुणी नसतं.

पावसाळ्यात तर आणखी वाईट होतं. 1 जुलै ते 30 सप्टेंबर ताडोबाचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, सफारीला बंद, पाहुणे कमी, दालनाचा मोठा भाग तुम्ही कुलपात ठेवता. ते तीन महिने बाटल्या तशाच. ऑक्टोबरात दिवाळीची गर्दी आली की त्याच बाटल्या टेबलावर येतात.

आणि लाल वाइन "रूम टेम्परेचरला" द्यायची, असं तुमच्या वेटरना पाठ करून घेतलंय. ते 16-18 अंश आहेत, थंड देशातल्या दगडी घरांच्या खोल्यांचे. आपल्या खोलीचं तापमान त्यात धरलेलं नाही. 30 अंशांची लाल वाइन नाकात नुसती स्पिरिटसारखी चढते. टेबलावर आणण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तरी पुष्कळ फरक पडेल.

आता यादीकडे येते. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्या जेवणाचा खरा अपमान इथे होतो.

यादी बघून मला पहिल्याच पानावर कळलं की ती अमेरिकेतल्या किंवा अर्जेंटिनातल्या एखाद्या स्टेकहाउसची उचलून आणली आहे. कॅबर्ने सोव्हिनियाँ, मालबेक, पुन्हा कॅबर्ने, सगळ्या जड, तुरट, जास्त अल्कोहोलच्या. त्या त्या देशात ते बरोबरच आहे. तिथे स्टेक गोमांसाचा असतो, मांसाच्या आत चरबीच्या रेषा असतात, वरून मीठ, फार तर मिरपूड आणि आतून गुलाबी भाजलेला. लाल वाइनमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारं तुरट द्रव्य, आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं आणि तुरट होतं. मांसातली प्रथिनं आणि चरबी मध्ये आली की टॅनिनला दुसरं काहीतरी धरायला मिळतं आणि तीच वाइन मऊ लागते. स्टेक आणि कॅबर्नेची जोडी यावर उभी आहे.

महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हणून तुमचा स्टेक म्हशीच्या मांसाचा असतो. कायद्याने ते बरोबर आहे, तुम्ही मेनूवर तसं स्पष्ट लिहिलंही आहे. पण म्हशीचं मांस गडद आणि कमी चरबीचं. आत चरबीच्या रेषा जवळजवळ नसतातच. शिवाय आपले बहुतेक पाहुणे पूर्ण भाजलेलं मागतात. कोरड्या, चरबी नसलेल्या, पूर्ण भाजलेल्या मांसाबरोबर ती जड कॅबर्ने घेतली की टॅनिनला आधार मिळत नाही. घास कोरडा, वरून घोट कोरडा. तुमच्या आचाऱ्याने मेहनतीने सांभाळलेला ओलावा वाइन खाऊन टाकते.

त्याहून मोठी चूक सावजी मसाल्याच्या थाळीत आहे. कार्डावर "सावजी टेंडरलॉइन"समोर साडेचौदा टक्क्यांच्या लाल वाइनची शिफारस छापली आहे. ही शिफारस करणाऱ्याने ते दोन्ही एकत्र खाऊन-पिऊन पाहिलेलं नाही, हे मी खात्रीने सांगते. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते, टॅनिननेही वाढते. भिवापुरी मिरची, वर तर्री, त्यावर साडेचौदा टक्के अल्कोहोल, तेही कोमट. पाहुणा घाम पुसतो, पाणी मागतो, थंड बीअर मागतो आणि ती महाग बाटली अर्धी तशीच राहते. नागपुरात सावजी खाऊन मोठं झालेल्या माणसाच्या डोळ्यांत जिथे पाणी येतं, तिथे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचं काय होत असेल? दोष आपल्या मसाल्यावर येतो. "फार जळजळीत होतं," असं लिहून पाहुणे जातात. त्यातली निम्मी जळजळ तुमच्या वाइनने वाढवलेली असते.

मिरचीला थंडपणा लागतो, किंचित गोडवा लागतो, कमी अल्कोहोल आणि कमी तुरटपणा लागतो. नाशिकची किंचित गोडसर पांढरी वाइन शेनिन ब्लां 8-10 अंशांवर थंड करून सावजीसमोर ठेवून बघा. झिनफँडेलची किंवा शिराझची गुलाबी वाइन बघा. फेसाळ वाइन बघा. तिच्या बुडबुड्यांनी आणि आंबटपणाने तर्रीचं तेल जिभेवरून निघून जातं. "मांस आहे म्हणजे लालच" हा हट्ट तुमच्या सावजीच्या पानापुरता तरी सोडा.

लाल वाइनचा मान मी कमी करत नाही. मीठ-मिरपूड लावलेला तुमचा साधा स्टेक शिराझबरोबर फार चांगला लागेल, फक्त वाइन थोडी गार हवी. काळ्या मिरीला जो मिरीचा वास असतो, तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. तेच द्रव्य शिराझच्या द्राक्षातही सापडतं. म्हणून आमच्या टेस्टिंग रूममध्ये शिराझ हुंगल्यावर घरच्या बायकाही पटकन म्हणायच्या, "यात मिरं आहे." बेरारी बोकडाच्या रानीवर तुम्ही दही, आलं-लसूण आणि थोडा खडा मसाला लावता. तिला अकलूजकडच्या सांजोव्हेझे या लाल वाइनचा आंबटपणा शोभेल. तलावातल्या माशाला आणि झिंग्यांना पांढरी सोव्हिनियाँ ब्लां. मांडे-रोटीबरोबरच्या पाटोडी रश्शाला मी कुठलीही वाइन देणार नाही, ताक द्या. सगळ्या थाळ्यांना वाइन जोडायची काही गरज नाही.

आणि या ज्या मी नावाने सांगितल्या, त्या सगळ्या जातींची वाइन आपल्याच राज्यात होते. तुम्ही त्याच काढून टाकल्या.

कार्डाच्या मुखपृष्ठावर मोहाचं फूल आणि गोंडी चित्र, आत महाराष्ट्राची एकही वाइन नाही. "आपल्या मातीचं जेवण" असं तुम्ही बोर्डावर लिहिता, तेव्हा मला हे पटत नाही. आपल्या सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली आणि त्यानंतर नाशिकच्या दिंडोरी, निफाड भागात वाइनच्या द्राक्षाची लागवड वाढली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. आपल्या भिवापुरी मिरचीला आणि नागपुरी संत्र्याला आहे तसंच. मी त्या बागांमध्ये काम करणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. एप्रिलातली खरड छाटणी, पावसाळा ओसरता-ओसरता गोडी छाटणी, मग जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी. ऊन चढायच्या आत घड वायनरीत पोचले पाहिजेत, म्हणून अंधारात डोक्याला दिवा बांधून तोडणी चालते. कापसाचा दर पडला की काय होतं, ते ज्या विदर्भाने भोगलं, त्याने दुसऱ्या शेतकऱ्याच्या मालाला दारातून परत पाठवू नये, असं मला मनापासून वाटतं.

परदेशी वाइन ठेवू नका, असं माझं म्हणणं नाही. चांगली असेल तर जरूर ठेवा. पण परदेशी वाइनवर कित्येक वर्षं 150 टक्के मूळ सीमाशुल्क राहिलं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानंतर डिसेंबर 2022 पासून तिथल्या ठरावीक किमतीच्या वरच्या वाइनवर ते टप्प्याटप्प्याने उतरायला लागलं. म्हणजे त्या बाटलीत पाहुण्याने दिलेल्या पैशातला मोठा वाटा जकातीचा आणि वाहतुकीचा असतो, वाइनचा थोडा. तिथे साध्या घरी रोज पितात ती वाइन इथे येईपर्यंत ऐटीची होते. त्याच पैशात महाराष्ट्रातली कितीतरी बरी वाइन ग्लासात देता येते.

दराबद्दल थोडक्यात. दुकानातल्या एमआरपीच्या साडेतीन पट दर मी तुमच्या कार्डावर पाहिला. हॉटेलला खर्च असतो, काच फुटते, माणसं लागतात, हे मला कळतं. ग्लासने विकणाऱ्या जागांची जुनी रीत आहे की पहिल्या ग्लासात बाटलीची खरेदी वसूल व्हावी. तसं केलं तरी तुमचा तोटा होत नाही आणि पाहुण्यालाही परवडतं. तुमच्या कार्डावर द्राक्षाचं वर्ष नाही, काही ठिकाणी द्राक्षाची जातही नाही, फक्त देशाचं नाव आणि दर. सोव्हिनियाँ ब्लां ताजी प्यायची वाइन आहे. ती तीन-चार वर्षं जुनी झाली असेल तर गिऱ्हाइकाला आधी कळायला नको?

आता पोरांबद्दल. हे लिहिताना माझा हात जड होतो.

तुमच्याकडे काम करणारी ही पोरं हुशार आहेत. सफारीच्या पाहुण्यांना वाघाच्या पाऊलखुणा, मोराचा ओरडा, चितळाचा कॉल सगळं सांगतात. स्टेक किती भाजायचा, ते पाहुण्याच्या बोलण्यावरून ओळखतात. पण वाइनबद्दल त्यांना तुम्ही एकच धडा दिला आहे: यादीत सगळ्यात खालची, म्हणजे सगळ्यात महाग, ती आधी सुचवायची. एका पाहुणीने माझ्या भाच्याला विचारलं, "यातली कमी तुरट कोणती?" त्याला उत्तर देता आलं नाही. त्याने एकही वाइन कधी चाखलेली नव्हती, कुणी त्याच्यासमोर साधी उघडून हुंगायलाही दिली नव्हती. त्याने सांगितलं तसं खालचं नाव वाचून दाखवलं. घरी आल्यावर म्हणाला, "मावशी, मले कायच माहीत नाही जी. लोकायसमोर लाज वाटते." वीस-बावीस वर्षांच्या पोराला रोज रात्री अशी लाज वाटायला लावणं आणि वरून बाटल्यांचा हिशोब मागणं योग्य आहे का, याचा तुम्ही विचार करावा.

तुमच्याकडे एक मुलगी आहे, तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या घरात दारूने दोन माणसं गेली. तिला बाटली हातात घ्यायची इच्छा नाही. तिने तसं सांगितलं, तर "हॉटेलात काम करायचं तर सगळं करावं लागतं" असं ऐकून घ्यावं लागलं. या गावातल्या मुलीला हे बोलायला नको होतं. जिला नको तिला वाइनच्या कामातून मोकळं करा, तिच्या पगाराला आणि बढतीला हात न लावता. बाकीच्यांना नीट शिकवा. शिकायला प्यावंच लागतं असं नाही. आम्ही सेलरमध्ये दिवसभर नमुने चाखायचो आणि थुंकायचो. वास घेऊनच निम्मं काम होतं. बूच बिघडलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास येतो. तो एकदा ओळखला की माणूस आयुष्यभर विसरत नाही. असं शिकलेला पोरगा उद्या नाशिकला, पुण्याला, गोव्याला चांगल्या नोकरीवर जाऊ शकतो. आमच्या पोरांच्या हाताला तुम्ही काम दिलंत, त्याच्याबरोबर एवढी विद्याही द्या.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

ग्लासने वाइन पुन्हा सुरू करा. 150 मिलिलिटरचा पूर्ण आणि 75 चा अर्धा, मापाच्या पेल्याने पाहुण्यासमोर ओतून. उघडलेल्या प्रत्येक बाटलीवर तारीख घाला आणि मुदत झाली की स्वयंपाकघरात वापरा किंवा ओतून द्या. ज्यांनी बाटली घेतली आणि संपवली नाही, त्यांना ती बूच लावून दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी नावाने जपून ठेवा.

काचेचं कपाट हवं तर शोभेला ठेवा, रिकाम्या बाटल्यांचं. भरलेल्या बाटल्यांसाठी तापमान सांभाळणारं कपाट घ्या आणि ते जनरेटरच्या लाइनवर टाका. पावसाळ्याच्या तीन महिन्यांतही ते चालू राहिलं पाहिजे. ज्या बाटल्यांचं बूच सरकलं आहे किंवा लेबलावर पाझर आहे, त्या विक्रीतून आत्ताच काढा.

यादी छोटी करा. बारा-पंधरा वाइन पुरेत, त्यातल्या निम्म्या तरी महाराष्ट्रातल्या. द्राक्षाची जात, वर्ष, ठिकाण आणि अल्कोहोलचं प्रमाण कार्डावर छापा. सावजीच्या थाळीसमोरची ती शिफारस काढून टाका. नवी शिफारस तुमच्या आचाऱ्यासोबत बसून, खरंच खाऊन-पिऊन ठरवा. एमआरपी आणि तुमचा दर यांतलं अंतर दुपटीच्या आसपास आणा.

रात्रीचा बाटल्यांचा हिशोब आजपासून बंद करा. वय भरलेल्या आणि स्वतःची तयारी असलेल्या कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकदा नीट शिकवणी द्या. ज्यांना नको त्यांना सक्ती नको. गाडी घेऊन जाणाऱ्या पाहुण्याला न विचारता दुसरा ग्लास ओतायचा नाही, हेही त्या शिकवणीत असू द्या. टेबलावर पिण्याचं पाणी मागायची वेळ येऊ नये.

शिकवणी मी द्यायला तयार आहे. त्याचे पैसे नकोत. मंगळवारी पार्क बंद असतो, त्या दिवशी दुपारी तुमच्याकडे गर्दी नसते, मी तेव्हा येऊ शकते. नाशिकमधल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून नमुन्याच्या बाटल्यांची सोय होते का, तेही बघते. माझं शिकवणं नको असेल तर दुसरं कुणीही चालेल, फक्त त्याला वाइनही कळायला हवी आणि सावजीही.

तुमचं नवं कार्ड ऑक्टोबरच्या हंगामासाठी पावसाळ्यात छापायला जातं. त्याआधी, जूनच्या अखेरपर्यंत, मला लेखी उत्तर हवं आहे. यातल्या कोणत्या गोष्टी करणार, कोणत्या नाही आणि नाही तर का, एवढं त्यात असावं. पत्र सगळ्यांसमोर लिहिलं आहे, तेव्हा उत्तरही तसंच द्यावं, म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही ते वाचता येईल.

आपली,
बेरारी शेळ्या पाळणाऱ्या महिला बचत गटाची एक सदस्य,
ता. भद्रावती, जि. चंद्रपूर